मुंग्या, बधिरपणा, तळपायाची आग: मज्जातंतूंची तपासणी कशी होते आणि तिला कसे सामोरे जावे

पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, बोटे बहिरी पडतात. अशा तक्रारीवर खानदेशात सगळ्यात आधी कानावर येणारे निदान म्हणजे ‘नस दबली’. गोंधळाची सुरुवात याच शब्दापासून होते. आपण रक्तवाहिनीला नस म्हणतो, मनगटावर ताठ दिसणाऱ्या दोरीला शीर म्हणतो आणि स्पर्श, वेदना, हालचालीचे निरोप वाहून नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. ‘पायाच्या नसांची तपासणी करायची आहे’ एवढेच काउंटरवर सांगितले की बरेचदा कलर डॉपलर होऊन जातो. डॉपलर रक्त कसे वाहते ते दाखवतो, मज्जातंतू काम करतो की नाही हे तो सांगत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘न्यूरोपॅथी’ (मज्जातंतूंचा बिघाड) किंवा ‘एनसीव्ही’ (मज्जातंतूतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) लिहिले आहे का, ते स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट क्रमाची. मज्जातंतूच्या आजाराचे निदान बहुतांशी तुमच्या हकिकतीतून आणि डॉक्टरांच्या हातून होते. रक्त त्यानंतर, मशीन त्यानंतर, आणि एमआरआय गरज पडली तरच. प्रत्यक्षात खूप जणांचा पैसा उलट्या क्रमाने जातो. आधी कमरेचा एमआरआय होतो, त्यात चाळिशीनंतर कुणाच्याही मणक्यात दिसते तशी थोडी सरकलेली चकती दिसते, आणि साखरेमुळे बधिर झालेल्या पायांवर कमरेचे उपचार सुरू राहतात.

१. आधी ठरवा: सावकाश की आत्ताच

बहुतेक न्यूरोपॅथी महिनोन्‌महिने हळू वाढते, त्यामुळे आठ-पंधरा दिवस इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही. पुढच्या चार प्रकारांत मात्र वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

पहिला प्रकार: दोन्ही पायांतली ताकद काही दिवसांत, कधी काही तासांत कमी होत जाते आणि कमजोरी वर चढत हातांपर्यंत येते. हा गिलन-बारे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते तो आजार, असू शकतो. त्यात श्वासाचे स्नायूही थकतात. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. पंधरापर्यंतही पोहोचता येत नसेल तर धोका अगदी जवळ आला आहे.

दुसरा: कंबर दुखत असताना सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे. मणक्याच्या तळाशी असलेला मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण आहे. इथे मात्र एमआरआय त्याच दिवशी लागतो.

तिसरा: अचानक तोंड वाकडे होणे. कपाळावर आठ्या घालायला सांगा. वाकड्या बाजूला कपाळही हलत नसेल आणि हातपाय, बोलणे ठीक असेल तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा असण्याची शक्यता जास्त, आणि त्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेले बरे. कपाळ हलते आहे पण हात उचलत नाही, बोलणे अडखळते, तर तो मेंदूचा झटका समजून निघा. कपाळाची खूण घरी निकाल देण्यासाठी नाही. दोन्हींत डॉक्टर त्याच दिवशी हवा.

चौथा: फवारणीनंतर घाम, लाळ, उलट्या, श्वास अडकणे. ही विषबाधा आहे. औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल सोबत न्या.

२. तक्रारीचा कागद तयार करा

ओपीडीत डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटे मिळतात. ‘सगळे अंग दुखते’ म्हटले की त्यातली तीन तिथेच संपतात. घरी कागदावर माणसाची साधी आकृती काढा, पुढून आणि मागून. बधिर भाग पेनाने भरा, दुखरा भाग रेषांनी. आकृतीवरून अर्धे निदान होते. दोन्ही पायांत मोज्यासारखा भाग भरला गेला तर साखर, बी-१२, दारू, औषधे हे पहिले संशयित. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढेच भरले तर मनगटात दाबला गेलेला मीडियन मज्जातंतू. करंगळी आणि अनामिकेची दुसरी अर्धी बाजू भरली तर कोपरातला अलनर. कमरेपासून एका पायाच्या बाजूने खाली उतरणारी पट्टी असेल तर मणक्यातून निघणारे मज्जातंतूचे मूळ. अंगावर कुठेतरी एकच बधिर चट्टा असेल तर त्यासाठी पुढे वेगळा टप्पा दिला आहे.

आकृतीखाली या प्रश्नांची उत्तरे लिहा:

- कधी सुरू झाले, आणि दिवसांत वाढले, महिन्यांत की वर्षांत?
- चालताना चप्पल निसटते का? निसटल्याचे कळते का? कळते पण धरून ठेवता येत नाही, तर ताकदीचा प्रश्न. चार पावले पुढे गेल्यावर मागे पडलेली दिसते, तर संवेदनेचा. या एका उत्तराची डॉक्टरांना फार मदत होते.
- आंघोळीला डोळे मिटून डोक्यावर पाणी घेताना तोल जातो का?
- रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते का? हे मनगटातल्या दाबाचे ठळक लक्षण.
- तापलेल्या तव्याचा, शेगडीचा किंवा उन्हाने तापलेल्या जमिनीचा चटका बसला आणि फोड दिसेपर्यंत कळले नाही, असे झाले का?
- उभे राहिल्यावर चक्कर, जेवल्यावर पोट जड, घाम कमी-जास्त, लघवीचा किंवा लैंगिक त्रास? हे सांगायला संकोच होतो, पण आतल्या अवयवांचे मज्जातंतू बिघडल्याचे हेच पुरावे असतात.

कामाबद्दल नक्की लिहा. तासन्‌तास उकिडवे बसून निंदणी केली की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गोल उंचवट्याशी मज्जातंतू चेपला जातो आणि दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलत नाही, चालताना फटफट आपटते. याला फूट ड्रॉप म्हणतात. घरचे त्याला लकवा समजून घाबरतात. काम सांगितले नाही तर डॉक्टरही कमरेत शोधत बसतील. कुल्ल्यात इंजेक्शन घेतल्यानंतर पाऊल लोंबू लागले असेल तर तेही तारखेसह लिहा.

मराठीत अडखळत सांगण्यापेक्षा घरात बोलता त्या बोलीत सांगा. ‘पायले मुंग्या येतस’ हे अहिराणीत सांगितलेले जास्त नेमके असते. धडगाव, अक्कलकुव्याकडून पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजींना आणत असाल तर दोन्ही भाषा येणारा माणूस सोबत हवाच. ‘बधिर’, ‘मुंग्या’, ‘आग’ आणि ‘ताकद नाही’ या चार वेगळ्या तक्रारी आहेत. दुभाष्याने चारींचे मिळून ‘दुखते’ असे करू नये.

३. पिशवीत काय घ्यावे

- आधार कार्ड, रेशन कार्ड, असल्यास आयुष्मान कार्ड
- जुने केस पेपर आणि रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून. एमआरआय झाला असेल तर फिल्म किंवा सीडीसुद्धा, नुसता कागद नको.
- चालू औषधांच्या पट्ट्या. ‘पांढरी गोळी’ सांगून उपयोग नाही. मधुमेहाचे मेटफॉर्मिन, टीबीचे आयसोनियाझिड, फिटचे फेनिटॉइन, कर्करोगाची केमो, लांबलेला मेट्रोनिडाझोलचा कोर्स या सगळ्यांचा मज्जातंतूंशी संबंध आहे.
- भस्म, रसौषधी, पुड्या घेत असाल तर त्या पुड्या. काहींत शिसे किंवा आर्सेनिक असू शकते. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवले जाते आणि खरे कारण हातातून निसटते.
- वर्षभरात फवारलेल्या औषधांची नावे. काही ऑर्गनोफॉस्फेट औषधांच्या मोठ्या विषबाधेनंतर माणूस बरा होऊन घरी येतो आणि साधारण दोन-तीन आठवड्यांनी पाय कमजोर पडू लागतात. तोवर दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो.
- दारू किती आणि किती वर्षे, याचा खरा आकडा. मोहाचीही धरावी.

४. घरी करण्याजोगी एक चाचणी

पायाची बोटे हलकेच शिवून संवेदना तपासण्याची एक पद्धत आहे, इप्सविच टच टेस्ट. मधुमेह असलेल्या घरात ती दर दोन-तीन महिन्यांनी करायला हरकत नाही. रुग्णाला खाटेवर झोपवा, मोजे काढा, उजवा आणि डावा पाय कुठला ते त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. मग डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचे टोक त्याच्या बोटाच्या टोकावर एक ते दोन सेकंद ठेवा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवे मधले बोट, डावे मधले बोट. स्पर्श कळला की त्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे.

दाबायचे नाही, घासायचे नाही, टोचायचे नाही. उत्तर आले नाही म्हणून पुन्हा शिवायचे नाही. ‘आता कळते का?’ असेही विचारू नका, कारण प्रश्न ऐकूनच माणूस हो म्हणतो. सहापैकी दोन किंवा जास्त बोटांना कळले नाही तर डॉक्टरांना पाय दाखवायची वेळ झाली आहे. सहाही कळली तरी मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डॉक्टरांची तपासणी हवीच. टाइप-२ मधुमेहात ती निदान झाल्या दिवसापासून, टाइप-१ मध्ये पाच वर्षांनंतर सुरू होते.

५. डॉक्टर काय पाहतात

पँट गुडघ्याच्या वर सहज जाईल असे कपडे घाला. दोन्ही पायांचे मोजे काढा, एकाचेच नाही. डाव्या-उजव्याची तुलना हा या तपासणीचा जीव आहे.

दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे ठरावीक जाडीचा नायलॉनचा धागा. तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. वाकला की दहा ग्रॅमचा भार पडला. घट्टा पडलेल्या जागी तो वापरत नाहीत, कारण जाड कातडीवर निरोगी माणसालाही कळत नाही. अनवाणी चालणाऱ्या पायांत घट्टे असतातच. डॉक्टर घाईत असतील तर ‘इथे घट्टा आहे’ हे तुम्ही सांगा.

१२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात. विचारतात ते थरथर कळते का, थंड लोखंड टेकलेले कळते का असे नाही. बरेच जण धातूचा स्पर्श कळला म्हणून हो म्हणतात. थरथर थांबल्याचा क्षण सांगा. मधुमेह आणि बी-१२ च्या कमतरतेत थरथरीची जाणीव लवकर जाते. याच तत्त्वावरचे बायोथिसिओमीटर हे मशीन कंपन वाढवत नेते आणि कितव्या व्होल्टला कळले ते मोजते. २५ व्होल्टच्या वर गेले तर पायाला जखम होण्याचा धोका मोठा. औषध दुकानाबाहेरच्या मोफत शिबिरांत हेच मशीन असते. आकडा उपयोगाचा आहे, पण तो बिघाड आहे एवढेच सांगतो. कारण सांगत नाही, आणि त्याच टेबलावरून महिनाभराच्या गोळ्या घेऊन येण्याइतका तो पुरेसा नाही. हातात दांडी धरायला लावून मिनिटाभरात ‘नसांसकट पूर्ण शरीराचा’ छापील रिपोर्ट देणाऱ्या यंत्रांना तर वैद्यकीय आधारच नाही. त्यावर पैसे घालू नका.

बाकी तपासणी भराभर होते: टाचेमागच्या शिरेवर हातोडीने ठोकून झटका येतो का, टाचणीचे टोक आणि बोथट बाजू यातला फरक कळतो का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येते का, पाय जुळवून डोळे मिटल्यावर तोल जातो का. मनगटावर टिचकी मारून बोटांत करंट जातो का तेही पाहतात. आडवे पडून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजला जातो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर आतल्या अवयवांच्या मज्जातंतूंवरही परिणाम झाला असावा. हे मोजायचे गर्दीत राहून जाते. चक्कर येत असेल तर आठवण करून द्या.

६. कुष्ठरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊ नका

मज्जातंतू निकामी करणाऱ्या कारणांत कुष्ठरोग आपल्याकडे आजही खरा आहे. खानदेशात नवे रुग्ण अजूनही सापडतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर खाज नाही, घाम नाही, स्पर्श कळत नाही, ही त्याची ओळख. कधी चट्टा नसतोही, नुसता मज्जातंतू जाड होतो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे बोट फिरवल्यावर दोरीसारखे जाड लागते. तसेच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि कानाखाली मानेवर. डॉक्टर या तिन्ही जागा चाचपतात, दोन्ही बाजूंना.

गरज वाटल्यास कानाची पाळी आणि चट्ट्यावरून स्मिअर, म्हणजे जंतू पाहण्यासाठी काचेवर नमुना, घेतात, कधी त्वचेचा लहान तुकडा. ‘एमडीटी’ हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. प्रकारानुसार कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा. नव्याने आलेली कमजोरी किंवा बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर वेळीच दिलेल्या स्टेरॉइडने बराच परत येऊ शकतो. त्यानंतर आशा कमी होत जाते. सर्वेक्षणाला दारात आलेल्या आशाताईंना पाठीवरचा चट्टा लाजेपोटी न दाखवणे फार महागात पडते.

७. रक्ताच्या तपासण्या

पहिल्या फेरीत साधारण एवढे पुरते: उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी, बी-१२, थायरॉइडचे टीएसएच, क्रिएटिनीन, रक्तघटक, ईएसआर, लिव्हरच्या चाचण्या. वय आणि लक्षणे पाहून पुढे एचआयव्ही, हिपॅटायटिस, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, संधिवाताच्या चाचण्या.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, तर मधुमेह. ५.७ ते ६.४ ही उंबरठ्यावरची अवस्था, आणि पायांची आग काहींना याच टप्प्यात सुरू होते. सिकलसेलचा आजार किंवा मोठा रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हे विसरून चालणार नाही. तिथे उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भर द्यायला सांगा.

सगळ्यात जास्त चूक बी-१२ ला होते. मुंग्या आल्या की गावातच लाल इंजेक्शनांचा कोर्स होतो, आणि मग रक्त दिले जाते. आकडा भरपूर येतो, कमतरता होती की नाही हे मात्र कायमचे झाकले जाते. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. घेऊन झाले असेल तर तारीख सांगा. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता, २०० ते ३०० मध्ये संशय, आणि संशय असेल तेव्हा होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड पाहतात. शाकाहारी घरात आणि बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही चाचणी टाळू नये. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारते, मज्जातंतू मात्र बिघडत राहतात. आणि ‘नसांची गोळी’ म्हणून मोठ्या मात्रेचे बी-६ महिनोन्‌महिने खाल्ले तर त्यानेच न्यूरोपॅथी होते.

८. एनसीव्ही आणि ईएमजी

लोक या तपासणीलाच घाबरतात, आणि तयारी न करता गेल्याने हीच वाया जाते.

एनसीव्हीत मज्जातंतूला कातडीवरून छोटा करंट देतात आणि निरोप पुढे किती वेळात, किती जोराने पोहोचला ते नोंदवतात. झटका सेकंदाच्या काही हजारांश भागापेक्षाही छोटा असतो. टिचकीसारखा लागतो, दोन-चार जोरात लागतात, पण इजा करत नाही. ईएमजीत बारीक सुई स्नायूत घालतात. सुईतून करंट देत नाहीत, ती फक्त ऐकते. दोन्ही मिळून साधारण अर्धा ते एक तास लागतो.

जायच्या आधी:

- आंघोळ करून जा. तेल, व्हॅसलीन, क्रीम काही लावू नका. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड चिकटत नाही आणि लहर नीट उमटत नाही.
- अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी घरीच काढून ठेवा. सौभाग्याचे दागिने ऐनवेळी काढवत नाहीत आणि तपासणी अडते, म्हणून आधीच समजावून सांगा.
- जेवून जा. नेहमीची औषधे घ्या.
- पेसमेकर किंवा छातीत बसवलेले दुसरे यंत्र असेल तर नंबर लावतानाच सांगा.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई लागण्याआधी सांगा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.
- हातपाय गरम असू द्या. थंड मज्जातंतू मंद चालतो: तापमान एक अंश उतरले की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने घटतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुळ्यातल्या थंडीत पहाटे दुचाकीवर निघून पोहोचलेल्या माणसाचा हात तपासला तर निरोगी मज्जातंतूही आजारी दिसेल. हाताची कातडी ३२ अंशांच्या आणि पायाची ३० अंशांच्या आसपास किंवा वर असावी. गार वाटत असेल तर कोमट पाण्यात हात बुडवून मग सुरू करायला सांगा. पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण बधिर हाताला कढत कळत नाही.

वेळेचा एक नियम लक्षात ठेवा. अपघात, फ्रॅक्चर किंवा काप लागून मज्जातंतू तुटला तरी जखमेच्या पुढचा तुकडा काही दिवस करंट वाहतच राहतो. पहिल्या आठवड्यात केलेली एनसीव्ही त्यामुळे फसवते, आणि सुईतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे जातात. म्हणून अशा दुखापतीत साधारण तीन आठवड्यांनी तपासणी करतात. उघडी जखम असून बोटे हलत नसतील तर मात्र तीन आठवडे थांबायचे नाही, शल्यविशारदाला त्याच दिवशी दाखवायचे. गिलन-बारेमध्येही पहिल्या आठवड्यात एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते, तिथे डॉक्टर रिपोर्टवर अडून न राहता लक्षणांवर उपचार सुरू करतात.

९. रिपोर्टातले आकडे कसे वाचावे

तीन गोष्टी पाहायच्या: निरोप पोहोचायला लागलेला वेळ मिलिसेकंदात, लहरीची उंची, आणि वेग.

वेग कसा काढतात ते एका उदाहरणात पाहा. मनगटावर करंट दिला तेव्हा अंगठ्याचा स्नायू ३.५ मिलिसेकंदांनी हलला. कोपरात दिला तेव्हा ७.८ ने. फरक ४.३ मिलिसेकंद. दोन्ही जागांतले अंतर टेपने मोजले, २४ सेंटीमीटर. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ५६ मीटर. मोठ्या माणसाच्या हातात ५० आणि पायात ४० च्या वर असला की ठीक धरतात, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. टेप दोन सेंटीमीटर चुकला तर वेग चार-पाच मीटरने बदलतो. करणाऱ्याचा हात सरावाचा हवा तो यासाठी.

वेग बराचसा ठीक पण लहर बुटकी, तर मज्जातंतूच्या आतली तार झिजली आहे. मधुमेह, दारू, बरीचशी औषधे यांत असे दिसते. लहर ठीक पण वेग खूप घटलेला, तर तारेवरचे आवरण खराब आहे. गिलन-बारेसारख्या आणि काही आनुवंशिक आजारांत असे होते, आणि त्यातल्या काहींवर नेमके उपचार आहेत. म्हणून रिपोर्टवर ‘ॲक्सोनल’ (तार झिजलेली) लिहिले आहे की ‘डिमायलिनेटिंग’ (आवरण खराब), हा शब्द शोधा आणि डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. एकाच जागी अडथळा असेल तर दाब: मनगटात ६ मिलिसेकंद लागले आणि पुढे कोपरापर्यंत वेग ठीक, तर दोष मनगटात. निंदणीनंतर लोंबलेल्या पावलात नडगीत वेग ठीक असतो, गुडघ्याजवळ तो पडतो.

साठी-सत्तरीनंतर पायाच्या घोट्यामागचा सुरल मज्जातंतू काहींत नुसत्या वयामुळे उत्तर देत नाही. तेवढ्या एका ओळीवरून घाबरू नका.

१०. एनसीव्ही नॉर्मल, आग मात्र तशीच

असे खूपदा होते. एनसीव्ही फक्त जाड मज्जातंतू मोजते. आग, टोचणी, गरम-थंडाची जाणीव वाहणारे धागे फार बारीक असतात आणि ते या मशीनला दिसत नाहीत. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ असे घरच्यांनी सुनेला किंवा आजोबांना सुनावू नये. हा स्मॉल फायबर प्रकार असू शकतो. त्यासाठी घोट्याच्या वर साधारण दहा सेंटीमीटरवरून तीन मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा घेऊन त्यातले धागे मोजतात. तपासणी मोठ्या शहरातच होते, पण सगळ्यांना ती लागतही नाही. टाचणी आणि थंड-गरमची तपासणी बिघडलेली, साखर वाढलेली, एनसीव्ही ठीक, एवढ्यावर अनुभवी डॉक्टर उपचार सुरू करतात.

११. एमआरआय, सोनोग्राफी, पाठीतले पाणी, मज्जातंतूचा तुकडा

एमआरआय कधी? कंबरेतून किंवा मानेतून एका बाजूला उतरणारी कळ, ताकद घटणे, लघवीचा त्रास, किंवा पाय कडक पडून हातोडीने ठोकल्यावर झटके जोरात येणे. दोन्ही पायांच्या मोज्यासारख्या बधिरपणात तो पहिला नको. मज्जातंतूची सोनोग्राफी मनगट, कोपर, गुडघ्यापाशी कुठे सूज किंवा गाठ आहे ते दाखवते, आणि कुष्ठरोगातली जाडीही. पाठीतले पाणी गिलन-बारे आणि तशा आजारांत काढतात. त्यात प्रोटीन वाढलेले पण पेशी कमी सापडतात. पहिल्या आठवड्यात प्रोटीनही नॉर्मल असू शकते. पाणी काढल्याने माणूस अधू होतो ही भीती खोटी आहे. काहींचे डोके दुखते, ते बहुधा काही दिवसांत उतरते. मज्जातंतूचा तुकडा मात्र शेवटचा उपाय. तो बहुधा सुरलमधून घेतात आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिर पट्टा कायम राहतो. रक्तवाहिन्यांची सूज, अमायलॉइड (अवयवांत साचणारे बिघडलेले प्रोटीन) किंवा चट्टा नसलेला कुष्ठरोग यांचा संशय असेल तरच तो घ्यावा.

१२. कुठे जावे

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. साखर, रक्तघटक, कुष्ठरोगाची तपासणी तिथे होते आणि पुढची चिठ्ठी मिळते. त्यापुढे जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. सकाळी केस पेपर काढून मेडिसिन विभागात दाखवा. खासगीत जाणार असाल तर न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचा फिजिशियन, न्यूरोसर्जन म्हणजे शस्त्रक्रिया करणारा, हा फरक पाटीवर पाहा. ईएमजी-एनसीव्ही रोज होत नाही. तिथले मशीन चालू आहे का, कोणत्या वारी होते, सुईची तपासणीही होते की फक्त एनसीव्ही, हे तीन प्रश्न फोनवर विचारूनच एसटीत बसा. नवापूर, तळोद्याकडचे बरेच जण सुरतला, चाळीसगावकडचे नाशिकला जातात. गेलात तरी आधीच्या रक्ततपासण्या सोबत न्या, नाहीतर त्या सगळ्या पुन्हा होतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. नुसत्या ओपीडीतल्या एनसीव्हीचा खर्च तीत निघेल असे धरून चालू नका. भरती व्हायची वेळ आली तर त्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवा.

१३. निदानानंतर पुन्हा तपासणी कधी

बी-१२ ची कमतरता निघाली तर उपचारानंतर काही महिन्यांनी ताकद, तोल आणि रक्त पुन्हा पाहतात. मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे गुडघ्यापाशी दुखावलेला मज्जातंतू पावलापर्यंत परत वाढायला कित्येक महिने जातात. आठवड्याला एनसीव्ही करून काही कळत नाही. फूट ड्रॉपमध्ये साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सुईने पाहतात की स्नायूत नवे धागे येत आहेत का. न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार त्याच सुमारास होतो, उशीर झाला की स्नायूच सुकतो.

मधुमेहातल्या बधिर पायाची तपासणी रोज घरी. रात्री दिव्याखाली दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. एप्रिल-मे मध्ये शेतात, अंगणात किंवा देवळाच्या फरशीवर अनवाणी पाऊल टाकू नका. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका, आत काटा किंवा खडा असला तर पायाला तो कळणार नाही.